झमझमच्या बाटलीतलं टाकीचं पाणी

मोहितेचा फोन आला तेव्हा तू माझ्या शेजारी हॉस्पिटलच्या बाकावर बसली होतीस आणि आत पडद्यामागे माझ्या सुनेला तिसरी सलाइन लावली होती. शबनमला सातवा महिना होता. डॉक्टरीण नुकतीच सांगून गेली होती की उलट्या-जुलाब आज थांबले नाहीत तर कळा सुरू होतील, आणि इतक्या लवकर आलेल्या मुलाचं काय होईल ते ती आत्ता सांगू शकत नाही. आपण दोघीही शनिवारपासून पोटानं हैराण होतो. मला तर बाकावर ताठ बसवत नव्हतं. माझा मुलगा नदीम औषधं आणायला खाली गेला होता.

मोहिते फोनवर इतका मोठ्यानं बोलतो की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"टीचर, पिवळ्या बिल्डिंगचा रिपोर्ट आला. एकदम क्लीन! मी खाली दाराला नोटीस पण लावून घेतली, पाणी चांगलं आहे म्हणून. फक्त लॅबवाला एक विचारतोय. ह्या पाण्यात एवढे क्षार कुठून आले? म्हणतो, हे नळाचं पाणी वाटतच नाही. तिथं कुणी बोअर मारलीय का?"

तो पलीकडून "हॅलो, टीचर, हॅलो" करत राहिला. मग तू फोन मांडीवर ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस.

"आपा, लॅबमध्ये झमझम गेलं."

"म्हणजे काय गो?"

"म्हणजे शुक्रवारी आपण टाकीचं प्यालो."

सुरैया, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तू कधी जन्मलीस, कुठल्या शाळेत किती वर्षं होतीस, किती लोकांना तुझी मदत झाली, हे तुझ्या नवऱ्यानं, इक्बालभाईंनी, आणि बाकीच्यांनी सगळ्या ग्रुपवर लिहिलंय. एकानं तर तुला थोर समाजसेविका केलंय. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, यल्ला, आता माझा पुतळा बसवा आणि त्याच्यावर कबुतरं बसवा. मला तसलं लिहिता येत नाही. मी गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. मला झालं तसं सांगता येतं, आणि त्या बाटलीचं तर मीच सांगायला पाहिजे.

तू माझ्या घरात पहिल्यांदा आलीस ती पाणी तपासायला. इथे आखातात, मुंतझा भागातली आपली ही जुनी बिल्डिंग, उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला चहा होईल इतकं गरम पाणी येणारी. अंघोळीला गार पाणी हवं तर गिझर बंद करून त्यातलं साठलेलं घ्यायचं, हे मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोरीला शिकवते. तू दारात उभी राहिलीस, पर्समधून कागदाची पट्टी काढलीस, माझ्या नळाखाली धरलीस आणि म्हणालीस, "पाणी ठीक आहे."

मी म्हटलं, "ठीक नाही. वास येतोय शेवाळाचा. वरच्या टाकीचं झाकण उघडं असणार."

"पट्टीत तसं काही दिसत नाही."

"पट्टीला नाक आहे काय?"

तू चिडलीस. शाळेच्या सायन्स लॅबमध्ये आयुष्य घालवलेली बाई, तुला कोण एक म्हातारी नाकाचं सांगणार? पण तू जुलैच्या उन्हात गच्चीवर गेलीस. वीस मिनिटांनी घामानं निथळत खाली आलीस. झाकण टाकीशेजारी पडलेलं होतं. मी पाणी पुढे केलं तर म्हणालीस, "उकळलेलं आहे ना?" आणि ते पिऊन झाल्यावर म्हणालीस, "आपा, उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर चला."

अशी आपली पाणी कमिटी झाली. तू, मी आणि मोहिते. मोहिते कराडकडचा, बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघणारा, म्हणून घरातसुद्धा स्टुलावर चढताना कुणीतरी धरायला लागतं त्याला. बाकी लोक आले आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की गेले. आपण तिघं मात्र टिकलो. महिन्यातून एकदा बलदियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, इंजिनिअर अबू युसूफसमोर बसायचं आणि आपल्या भागात काय चाललंय ते सांगायचं. कुठल्या टाक्या गळतात, कुठे कचरा समुद्राकडे जातो, कुठल्या गल्लीतलं झाड वाळतंय. पगार नाही, खुर्चीसुद्धा कधीकधी नाही. एसीचं टपकणारं पाणी नळीनं गल्लीतल्या झाडांना द्यावं, ही तुझी पहिली सूचना. अबू युसूफनं विचारलं, अशानं झाड जगेल का? तू म्हणालीस, मी आमच्या खालचं झाड तीन उन्हाळे असंच जगवलंय, येऊन बघा. तो खरंच आला. झाडाखाली उभा राहिला आणि डोक्यावर एसीचं पाणी टपकल्यावर म्हणाला, खलास, पटलं.

आणि ती तिवरं आठवतात? उत्तरेकडच्या किनाऱ्यावर बलदियावाल्यांनी आपल्याला जीपमधून नेलं होतं. एका बाजूची तिवरं पिवळी पडत चालली होती. तुम्ही सगळे पट्ट्या आणि नळ्या घेऊन खाली बसलात. मी साडी वर खोचून चिखलात उतरले. मोहिते ओरडला, "आपा, सेफ्टी शूज!" मी रत्नागिरीच्या खाडीवर वाढलेली, मला चिखलात बूट घालायला सांगतो! मी हात घालून चिखल नाकाला लावला. कुजका वास होता, पण भरतीचं पाणी फिरलेल्या चिखलाचा नव्हता, साचलेल्या पाण्याचा होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत अबू युसूफला सांगितलं, "झाड बीमार नहीं है. पानी का रास्ता किसीने बंद किया है." शंभर पावलं गेल्यावर सापडलं. कुणीतरी बांधकामाचा राडारोडा आणून ओहोळात टाकला होता. तो काढला आणि पुढच्या वर्षी तिवरं हिरवी झाली.

तू त्याचं इंग्रजी पत्र लिहिलंस आणि मला न विचारता त्यात माझं नाव किनाऱ्याच्या तज्ज्ञ म्हणून घातलंस. मला कळलं कधी, तर पुढच्या मीटिंगला अबू युसूफ उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अहलन, दक्तोरा!" इथे डॉक्टर बाईला दक्तोरा म्हणतात. मला वाटलं माझ्यामागे कोणी आलंय. तू खाली बघून हसत होतीस. बाहेर आल्यावर मी तुला चांगली झापली. "उद्या त्यानं मला काही वाचायला दिलं म्हणजे?"

"चष्मा विसरला म्हणून सांगायचं," तू म्हणालीस. "सगळे दक्तोरा तेच सांगतात."

तेव्हापासून मी दक्तोरा. चहावालासुद्धा म्हणायला लागला. मला ते आवडत होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आवडत होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्याचं सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू आणि इक्बालभाई बुधवारी मक्केहून उमरा करून आलात. गुरुवारी पिवळ्या बिल्डिंगमधून निरोप आला की मुलांची पोटं बिघडतायत. ती बिल्डिंग आपल्या मागच्या गल्लीत, पोराबाळांनी भरलेली. तू प्रवासाचा थकवा बाजूला ठेवून मोहितेबरोबर त्यांच्या गच्चीवर गेलीस आणि टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणलंस. लॅब शुक्रवार-शनिवार बंद. तोपर्यंत बाटली गार राहायला हवी. तुझा फ्रीज दोन आठवडे बंद होता, म्हणून बाटली माझ्या फ्रीजमध्ये आली. शुक्रवारी नमाजनंतर माझ्याच घरी सगळ्यांना बोलावलं होतं, तेव्हा वाटायचं झमझमही, मक्केच्या पवित्र विहिरीचं ते पाणी, तू एका बाटलीत काढून माझ्याच फ्रीजमध्ये ठेवलंस.

दोन्ही बाटल्या एकाच जातीच्या. मागच्या उमऱ्याहून आणलेल्या रिकाम्या बाटल्या तू उकळून सॅम्पलसाठी वापरायचीस. चांगली बाटली टाकवत नव्हती तुला. मी एकदा म्हटलं होतं की झमझमच्या बाटलीत टाकीचं पाणी भरू नये, बरं दिसत नाही. तू म्हणालीस, काच काचच असते, आणि मी चिठ्ठी लावते ना. चिठ्ठ्यांचं तुझं वेडच होतं. मिठाच्या डब्याला चिठ्ठी, हळदीला चिठ्ठी, सगळ्या दोऱ्यानं बांधलेल्या आणि सगळ्या इंग्रजीत, लॅबमधली सवय.

शुक्रवारी आपण नऊ जण होतो. तू आणि इक्बालभाई, मी, नदीम, शबनम, मोहिते आणि त्याची बायको स्वाती, समोरच्या फ्लॅटमधले मिस्त्री नवराबायको. तू खजूर दिलेस आणि कॉफीच्या छोट्या कपांतून झमझम वाटलंस. सगळ्यांनी उभं राहून दुआ केली. मोहितेनं तर चपला काढल्या, कप दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. शबनमला तू स्वतःच्या वाट्यातलं थोडं ओतून दिलंस, पोटातल्या बाळासाठी म्हणून.

पहिल्या घोटालाच माझी जीभ म्हणाली, टाकी.

सुरैया, मी शपथेवर सांगते, मला कळलं होतं. तोच शेवाळाचा वास आणि घशात राहणारा गढूळपणा. पण मक्केहून आलेल्या पाण्याला नाव कोण ठेवणार? मी मनात तोबा केली आणि कप रिकामा केला. नंतर विचारलं तेव्हा मिस्त्रीभाभी म्हणाल्या, मलाही वाटलं, पण म्हटलं माझंच इमान कच्चं. मोहिते म्हणाला, मला वाटलं असंच लागत असेल. स्वाती म्हणाली, मला वाटलं चांदीच्या भांड्यातलं आहे. नऊ जणांच्या नऊ जिभा, आणि सगळ्या अदबीनं गप्प. इक्बालभाईंनी तर दुसरा कप मागितला.

शनिवारपासून एकेक जण आडवा झाला. आपल्याला वाटलं, बिर्याणी. मिस्त्रीभाभींनी केलेली होती, त्या बिचारीला दोन दिवस कुणी फोन केला नाही. मोहितेनं रविवारी पोट धरून बाटली लॅबला पोचवली, घरी आला आणि झोपला. मंगळवारी रिपोर्टचा फोन त्यानं केला तोसुद्धा, नंतर स्वाती म्हणाली, संडासच्या दारात उभं राहून.

तर हॉस्पिटलच्या त्या बाकावर. तू म्हणालीस की आपण टाकीचं प्यालो, आणि मी आधी पडद्याकडे बघितलं. शबनम आत कण्हत होती. मग माझं डोकं चालायला लागलं, आणि ते कुठे गेलं ते मी लपवत नाही. मी म्हटलं, "गप रव. कुणाला बोलू नको. आज मोहितेला पाठव, टाकीचं पाणी पुन्हा भरून ने, लॅबला सांग की पहिली बाटली खराब झाली होती. चार दिवसांत खरा रिपोर्ट येईल."

"आणि ते चार दिवस?"

"चार दिवस काय?"

"आपा, त्या दाराला नोटीस आहे. पाणी चांगलं आहे. खाली आपल्या कमिटीचं नाव आहे. आज सकाळी त्या बायांनी पाणी उकळायचं बंद केलं असेल."

"मग नोटीस काढ."

"का काढली विचारतील."

"सांग वाऱ्यानं उडाली."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला अजून ते आवडत नाही. "शबनम आत आहे," तू म्हणालीस, "आणि तुम्ही वाऱ्याचं सांगताय."

मी तुला म्हटलं की तुला फार मोठेपणा आहे. अबू युसूफ पुन्हा आपल्याला दारात उभं करणार नाही. दहा वर्षांत जे जमवलं ते एका कपात जाईल. तू ऐकलंस आणि तिथूनच मोहितेला फोन लावलास. "नोटीस फाड. प्रत्येक दारावर जाऊन सांग, पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नको. तुझं पोट कसं आहे? मग चार मजले चढ आणि मध्ये बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शबनमच्या उलट्या थांबल्या होत्या, पण डॉक्टरीण अजून एक दिवस बघू म्हणत होती. नदीम तिच्यापाशी राहिला. तू मला घेऊन पिवळ्या बिल्डिंगवर गेलीस आणि तिथे तमाशा चालला होता. बलदियाची माणसं तळघरात बोअर शोधत होती. दोघांनी फरशा ठोकून बघितल्या. एकानं पाण्याच्या पंपामागे डोकं घातलं आणि ते अडकलं. मालक वरून ओरडत होता की माझ्या बापानंही विहीर खोदली नाही. अबू युसूफ लॅबचा कागद धरून उभा होता आणि म्हणत होता की एवढे क्षार आकाशातून पडले नाहीत.

तू पुढे झालीस. तू इंग्रजीत बोललीस, पण काय बोललीस ते मला शब्द न कळताही कळलं, कारण तू बोलताना स्वतःकडे बोट केलं होतंस. ही बाटली मी भरली. चिठ्ठी मी लावली. लॅबला गेलं ते झमझम आहे. टाकीचं पाणी आम्ही प्यालो. चूक माझी आहे.

फरशा ठोकणारे थांबले. पंपामागचं डोकंसुद्धा बाहेर आलं.

अबू युसूफनं कागद बघितला, तुझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर लॅबला फोन लावला आणि सांगितलं की ती बाटली उरली असेल तर मोरीत ओतू नका, मी येतोय. मालक हसला, मग ती ठोकणारी दोघं हसली. तुला हसू येत नव्हतं. तू म्हणालीस, "आता टाकी उघडा."

टाकी उघडली. झाकणाचा एक कोपरा तुटला होता आणि आत दोन मेलेली कबुतरं होती, कधीची कुणास ठाऊक. मोहितेनं एकदाच आत बघितलं आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, "आपा, मी डोळे मिटून प्यालो हो ते."

त्या दिवशी तुला जे ऐकावं लागलं तेही मी तिथेच उभी राहून ऐकलं. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई कडेवर पोर घेऊन खाली आली. तिनं तुझ्या तोंडावर विचारलं, "टीचर, तुम्हीच लिहिलं ना चांगलं आहे म्हणून? काल सकाळी मी ह्याच्या दुधात तेच पाणी घातलं." तू म्हणालीस, हो, मीच लिहिलं. माफी माग असं तुला कुणी सांगितलं नव्हतं, तू मागितलीस. त्या पोराला तू स्वतः दवाखान्यात घेऊन गेलीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलीस, तिसऱ्या दिवशी त्यानं तुझा चष्मा मोडला आणि तू म्हणालीस, आता बरा आहे.

अबू युसूफनं आपल्याला काढलं नाही. उलट पुढच्या मीटिंगला त्यानं तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाला की लोक माझ्याकडे दुसऱ्यांच्या चुका घेऊन येतात. प्रत्येक बिल्डिंगच्या दाराला टाकी धुतल्याची तारीख लिहून लावायची, ही तुझी सूचना त्यानं त्याच दिवशी मान्य केली. ती पाटी आता आपल्या सगळ्या गल्लीत दिसते.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी शेवटपर्यंत म्हणत राहिले की नोटीस गुपचूप काढून, नवी बाटली भरून तेच काम झालं असतं आणि तुझी अब्रूही राहिली असती. तू म्हणायचीस, नसतं झालं, लोकांनी विचारलं असतं आणि मग एका खोट्याला दुसरं लागलं असतं. मी म्हणायचे, एका खोट्यानं कोणी मरत नाही. तू म्हणायचीस, एका कपानं मरतं. मग तू पट्ट्यांवर यायचीस आणि मी जिभेवर. मी म्हणायचे, बघ, माझ्या जिभेला कळलं होतं. तू म्हणायचीस, पट्टी असती तर ती अदबीनं गप्प बसली नसती. पण हरले असं मी म्हणणार नाही, तू नसलीस तरी.

आता ते सांगते जे तुला सांगायचं राहिलं.

चिठ्ठ्या मी बदलल्या, सुरैया.

शुक्रवारी सकाळी माणसं येणार म्हणून मी फ्रीज पुसायला काढला. तुझ्या दोन्ही बाटल्यांना घाम आला होता, चिठ्ठ्या भिजून लोंबत होत्या. मी दोन्ही सोडून खिडकीत वाळत घातल्या. बाटल्या कुठली कुठली हे मला नीट लक्षात होतं, डावीकडे टाकी, उजवीकडे झमझम. चिठ्ठ्या वाळल्यावर हातात घेतल्या आणि बघते तर दोन्हीवर इंग्रजी. कुठली कुणाची? शबनम पलीकडच्या खोलीत होती, नुसती हाक मारायची होती. नदीमला विचारायचं होतं. तू तर एका मजल्याच्या अंतरावर होतीस. पण दक्तोरा कुणाला विचारणार की ह्यावर काय लिहिलंय? मी अंदाजानं बांधल्या. लांब शब्दाची चिठ्ठी झमझमची असेल असं वाटलं, मोठं नाव आहे म्हणून.

तळघरात तू स्वतःकडे बोट दाखवत होतीस तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर होते. ती बाई तुझ्या तोंडावर बोलली तेव्हाही. बाकावर मी गप रव म्हटलं ते तुझ्या अब्रूसाठी म्हटलं असं तुला वाटत असेल. तेव्हा मला माझी काळजी होती. माझ्या सुनेच्या पोटात जे गेलं ते मीच बांधलेल्या चिठ्ठीनं गेलं, हे मला तुझ्या पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. नदीमला मी हे परवा सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, शबनमला मी सांगू का तू सांगतेस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, मला वाचायला दिलं असतं तर मी कुणाला बोलले असते काय?" आणि भाकरी थापायला गेली. एवढंच. एवढ्यासाठी मी सहा वर्षं गप्प बसले.

पण एक गोष्ट मला आता राहून राहून वाटते. त्या आठवड्यानंतर तू चिठ्ठ्या मराठीत लिहायला लागलीस. मोठ्या अक्षरात, टाकी, नळ, झमझम, मीठसुद्धा. लॅबवाल्यासाठी खाली बारीक इंग्रजी. मोहितेनं विचारलं, टीचर, हे काय नवीन? तू म्हणालीस, म्हातारपणी आपलीच लिपी बरी दिसते. माझ्याकडे तू बघितलं नाहीस. मुद्दाम बघितलं नाहीस, असं मला आज वाटतं. तुला कळलं होतं ना? बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये, चिठ्ठीची गाठ तुझ्या हातची नाही, तू दहा वर्षं गाठी मारलेली बाई. कळलं असणारच. आणि तरी तळघरात चूक माझी म्हणालीस.

असं असेल तर तूही खोटं बोललीस, सुरैया, भर बलदियासमोर. आणि त्यानं कोणी मेलं नाही. मग भांडणात माझाच मुद्दा बरोबर होता, हे मी आता लिहून ठेवते. तुला उलट बोलता येणार नाही, ह्याचं मला जेवढं वाईट वाटतंय तेवढं तू गेल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात तुझ्या पलंगापाशी बसले होते तेव्हा मी सुरू केलं होतं. म्हटलं, सुरैया, त्या बाटलीचं एक सांगायचंय. तू म्हणालीस, "आपा, शाळेमागच्या बिल्डिंगच्या टाकीची तारीख उलटून गेलीय, मोहितेला आठवण करा." मी केली. परवा आम्ही दोघं जाऊन आलो. त्यानं पट्टी धरली, मी घोट घेतला. दोघांचं म्हणणं जुळलं, पाणी चांगलं आहे.

शुक्रन, म्हणजे आभार, म्हणायची आपल्यात रीत नव्हती, म्हणून म्हणत नाही. जे झालं ते लिहिलं. त्या शुक्रवारी टाकीचं पाणी नऊ जण प्यालो आणि नऊच्या नऊ जगलो. तिसऱ्या मजल्यावरचा तो पोरगा जगला. शबनमला कळा आल्या त्या पुऱ्या दिवसांनी, आणि मुलगी झाली. तीही जगली.